आवक वाढली, बारनिशी गेली

(कचेरीतल्या ई-मेलविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

ही पुस्तिका ज्यांच्या हाती पडावी असे मनापासून वाटते, ती माणसे रोज सकाळी जिते स्थानकात दिवा-रोहा मेमूची वाट पाहत उभी असतात. कुणी पनवेलला उतरून पुढे बेलापूर किंवा तळोजा गाठतो, कुणी उलट्या दिशेने पेण, नागोठणे किंवा रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत गाठतो. कुणी स्टोअरमध्ये आहे, कुणी अकाउंट्सला, कुणी परचेसला, कुणी प्रयोगशाळेत. १९८६ साली ही लाइन रोह्यापर्यंत गेली, तेव्हा कामाला जाणारा माणूस कचेरीची पायरी चढेपर्यंत मोकळा असे. आता गाडी यायच्या आधीच अंगठा फोनवर फिरू लागतो. रात्रीतून आलेल्या मेल ठळक अक्षरांत रांगेने उभ्या असतात. पनवेल येईपर्यंत त्यांतल्या निम्म्या उघडून होतात, काम एकीचेही होत नाही, आणि उघडल्यामुळे त्यांची अक्षरे मात्र बारीक होतात. म्हणजे दुपारी त्या नजरेलाही पडणार नाहीत.

या मंडळींशी बोलताना एकच वाक्य पुनःपुन्हा कानावर येते : ‘बाकीच्यांना जमतं, मलाच जमत नाही.’ खरे तर बाकीच्यांनाही जमत नसते. ज्याचा इनबॉक्स तुंबलेला आहे तो माणूस आळशी असतो किंवा त्याला शिस्त नसते, हा समज आधी डोक्यातून काढून टाकला पाहिजे. माझे म्हणणे थोडक्यात असे : कचेरीत आलेल्या कागदाला पूर्वी चार हात लागत. तो घेणारा वेगळा, नोंदवणारा वेगळा, कुणाकडे जाईल ते ठरवणारा वेगळा आणि निकाली काढणारा वेगळा. ई-मेलने ही चारही कामे एकाच माणसाच्या गळ्यात घातली, आणि त्याला ती एकाच वेळी, एकाच काचेवर करायला लावली. हा व्यवस्थेतला बिघाड आहे, आणि तो व्यवस्थेनेच दुरुस्त होईल.

आमच्याच भागातला दाखला घेऊ. जित्याहून पेणच्या दिशेला पुढचे स्थानक हमरापूर. हमरापूर, जोहे आणि आजूबाजूच्या गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत, आणि तिथल्या मूर्ती परदेशातल्या मराठी घरांत, मंडळांत पोचतात. समुद्रमार्गे जाणारा माल गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी निघावा लागतो, म्हणून परदेशी ऑर्डरींची धांदल ऐन उन्हाळ्यात असते. अशा एखाद्या कारखान्यात मेल बघायचे काम बहुधा मालकाच्या मुलाकडे किंवा सुनेकडे असते. ती व्यक्ती मूर्तींची आखणीही करते, बिलेही करते आणि मधूनच खोक्यांत पेंढा नीट भरलाय का तेही बघते. एका ऑर्डरीच्या मागे मंडळाचा माणूस, कस्टमचे काम बघणारा एजंट, कंटेनरवाला, बँक आणि न्हावाशेव्याला माल पोचवणारा ट्रान्स्पोर्टवाला अशी पाच-सहा माणसे लिहीत असतात. समजा, मंडळाच्या माणसाने लिहिले : दीड फुटी मूर्तींपैकी बारा मूर्तींचे पीतांबर पिवळे न करता जांभळे करा. हे वाक्य त्याने पॅकिंग लिस्टवर चाललेल्या चर्चेतच, खाली, पाचव्या ओळीत लिहिले. विषयाच्या जागी अजून ‘रि : रि : फॉरवर्ड : पॅकिंग लिस्ट’ असेच आहे. त्याखाली एजंटाचे उत्तर आले, सगळ्यांना. मग कंटेनरवाल्याचे ‘नोटेड’, तेही सगळ्यांना. जांभळा पीतांबर त्या ढिगाऱ्याखाली गेला. मेल वाचलेली होती, यंत्र तिला ‘वाचलेली’ म्हणूनच दाखवत होते. रंगकाम करणाऱ्या कारागिरापर्यंत मात्र ती पोचलीच नाही, कारण मेल कारागिराकडे जात नाही. ती कुणीतरी कागदावर उतरवून त्याच्या फळीला लावावी लागते. तो कागद लिहिणे हे कुणाचे काम, हे कधी ठरलेच नव्हते.

मी बारनिशीत, म्हणजे टपाल घेऊन नोंदवणाऱ्या टेबलावर, आवक-जावक कारकून म्हणून नोकरीला लागलो. नव्या मुलांनी तसे टेबल पाहिलेले नाही, म्हणून ते जरा तपशिलाने सांगतो. टपाल सकाळी येई. पोस्टमनचा गठ्ठा, कुरिअरची पाकिटे, हाती आलेली पत्रे, सगळे एकाच टेबलावर. तिथे पाकीट फोडायचे, पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा आणि आवक नोंदवहीत एक ओळ लिहायची : अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, कुणाकडून आले, त्यांचा जावक क्रमांक व तारीख, विषय, कुणाकडे दिले, घेणाऱ्याची सही. विषयाचा रकाना अरुंद असे, आणि ती अडचण फार उपयोगाची होती. दोन पानी पत्राचे मर्म सात-आठ शब्दांत मांडल्याशिवाय नोंद पुरीच होत नसे. म्हणजे पत्र साहेबांपर्यंत जाण्याआधीच कुणीतरी ते समजून घेऊन त्याचे नाव ठेवलेले असे. मग सगळे टपाल एका पॅडमध्ये घालून साहेबांपुढे. साहेब प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात कुणाचे तरी आद्याक्षर किंवा टेबलाचे नाव लिहीत, क्वचित ‘बोला’ किंवा ‘तातडी’. हे काम त्या वेळी सकाळचा थोडाच वेळ घेई. नंतर शिपाई टेबलोटेबली फिरे आणि जो तो सही करून आपापले कागद घेई. दिवसातून एकदा, फार तर दोनदा. बाकीचा वेळ माणूस आपल्या कामाचा धनी असे.

यात दिरंगाई नव्हती असे मी म्हणत नाही. दिरंगाई भरपूर होती, आणि तिच्यापायी सामान्य माणसाने मारलेल्या खेपाही मी पाहिल्या आहेत. पण कागद कुठे आहे हे सांगता येई. आज ‘तुमची मेल बघतो’ असे म्हणणाऱ्या माणसाला ती मेल कुठे आहे, कुणाच्या जबाबदारीची आहे आणि कधी निकाली निघेल, यांपैकी काहीही सांगता येत नाही. अजून एक भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी पत्र पदाच्या नावाने येई, तहसीलदार, व्यवस्थापक, भांडार अधिकारी या नावांनी. माणूस रजेवर गेला, बदलून गेला, तरी पत्राला घर असे, कारण कार्यभार देताना प्रलंबित प्रकरणांची यादी करून सही घेतली जाई. मेल येते ती माणसाच्या नावाने. तो बहिणीच्या डोहाळजेवणाला गेला, तरी खरेदीची चौकशी त्याच्याच नावावर पडून राहते, आणि नोकरी सोडून गेला तर त्याचा पासवर्ड बंद होतो आणि आठ वर्षांचा पत्रव्यवहार एका क्षणात मुका होतो.

पत्रव्यवहाराचा भार ही काही आजची गोष्ट नाही, आणि तिची एक मोठी आठवण आमच्याच जिल्ह्यातली आहे. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक गोष्ट परंपरेने सांगत आले आहेत. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहायला सांगितले. दिवसभर इतर कामांच्या रगाड्यात ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून अख्खे पत्र वाचून दाखवले. मशालजीला हसू आवरेना, त्यावरून प्रकार उघडकीला आला. महाराज रागावले नाहीत. जसे वाचले तसेच लिहून आणायला त्यांनी सांगितले, आणि बाळाजींनी ते शब्दशः तसेच लिहून आणले. ही गोष्ट आपण बुद्धिमत्तेचा दाखला म्हणून सांगतो, आणि ती बुद्धिमत्ता अलौकिक होती यात शंकाच नाही. पण मला तिच्यात भारही दिसतो. इतका समर्थ लेखनिक, आणि तरी दिवसाकाठी एक महत्त्वाचे पत्र राहून जाते. ते निभावले कारण पत्र मनात तयार होते आणि विचारणारा धनी समजूतदार होता. आज आपण प्रत्येक कारकुनाकडून, प्रत्येक सुपरवायझरकडून बाळाजींसारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा धरतो. कुणी काय लिहिले, कधी लिहिले, कशाचे उत्तर द्यायचे राहिले, हे सगळे त्याने डोक्यात ठेवायचे. १६८१ साली सुधागडाजवळच्या औंढे भागात बाळाजींचा फार दुर्दैवी शेवट झाला. पेण-रोह्याहून तो मुलूख काही लांब नाही, पण तिकडे जाणाऱ्या किती जणांना एवढा मोठा लेखनिक इथे गेला हे ठाऊक असते!

पुढे पेशवाईत हा व्याप किती वाढला ते पुण्याच्या पेशवे दप्तरात दिसते. तिथे रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेले वेचे छापले, तेच ४५ भाग झाले. त्या काळच्या पत्रांवर एक छोटीशी नोंद पुष्कळदा आढळते : पत्र लिहिले कधी ते एक, आणि पोचले कधी, म्हणजे पैवस्ती, ते दुसरे. जासूद चार दिवस उशिरा आला तर उत्तराचा उशीर कुणाच्या माथी मारायचा हे त्यावरून कळे. मिळाल्याची तारीख ही उत्तर देणाऱ्याच्या बाजूची साक्ष असते. मेलमध्ये ती साक्ष नाहीशी झाली. पाठवले त्याच क्षणी पोचले असे धरले जाते, आणि पोचले म्हणजे वाचले, वाचले म्हणजे काम हाती घेतले, असेही.

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिला निरोप पाठवला आणि पत्त्यात ‘@’ हे चिन्ह घातले. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ला. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केले आणि कुणालाही फुकट पत्ता मिळू लागला. त्यानंतरचा मोठा बदल १ एप्रिल २००४चा. जीमेलने एक जीबी जागा देऊ केली. त्या वेळी इतर ठिकाणी दोन-चार एमबी मिळत, म्हणून लोकांना ही एप्रिल फूलची थाप वाटली. थाप नव्हती. काहीही पुसायची गरज नाही, हवे तेव्हा शोधा, हा त्यामागचा विचार. सोय मोठी झाली, पण नको असलेला कागद नष्ट करणे हे कचेरीच्या कामाचे जे अंग होते, ते तेव्हापासून गळून पडले. सरकारी अभिलेखांत ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे फक्त वर्षभर ठेवायचे असतात. वर्गवारी करताना कुणीतरी विचार करतो की याची गरज किती दिवस आहे. आपल्या मेलमध्ये मुख्य करारनामा आणि ‘आज कँटीन बंद’ दोन्ही ‘अ’ वर्गात जाऊन बसले आहेत.

प्रतींचेही तसेच. टाइपरायटरवर कार्बन घालून चार-पाच प्रती नीट निघत, सहावी फिकी येई. त्यामुळे ‘प्रत माहितीसाठी’ खाली नाव घालताना टंकलेखक विचारी, साहेब, यांना खरेच हवी का? त्या प्रश्नातच निम्मा उपाय होता. आता पन्नास जणांना प्रत द्यायला तेवढाच वेळ लागतो जेवढा एकाला. पाठवणाऱ्याचा खर्च शून्य झाला. वाचणाऱ्यांचा पन्नासपट झाला, आणि तो कुणाच्याच हिशेबात धरला जात नाही. प्रत घालण्यामागे पुष्कळदा भीती असते. उद्या कुणी म्हणू नये की मला कळवले नव्हते, म्हणून सगळ्यांना कळवून ठेवायचे. ही भीती ज्या कचेरीत जास्त, तिथे मेल जास्त. हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे आणि याला अपवाद आढळलेला नाही.

महाराष्ट्रातल्या सरकारी कारभाराला आपण ऊठसूट नावे ठेवतो, पण तुंबलेल्या कागदावर इथे जेवढा विचार झाला तेवढा खासगी कंपन्यांत फारसा झालेला नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. कचेरीची बैठक, नोंदी, अभिलेख, लोकांची ये-जा या साऱ्याची त्यांनी फेरमांडणी केली, आणि ‘लखिना पॅटर्न’ हे नाव सरकारी नोकरांच्या तोंडी बसले. सहा गठ्ठा पद्धत तर आजही प्रशिक्षणात शिकवतात. कार्यवाहीची प्रकरणे, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक तारखांना पाठवायची नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखागारात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद असे ते सहा गठ्ठे. या सहांत ‘प्रतीक्षाधीन’ हा गठ्ठा मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. ज्या कामात चेंडू दुसऱ्याच्या अंगणात आहे ते आपल्या टेबलावर दिसता कामा नये, पण विसरलेही जाता कामा नये. इनबॉक्समध्ये या दोन्ही जातीची कामे एकमेकांच्या अंगावर पडलेली असतात, आणि आपला निम्मा शीण ती रोज नव्याने निवडण्यात जातो.

२००५चा बदल्या व दिरंगाई प्रतिबंधाचा कायदा आपण ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखतो. त्यात कुठल्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती, म्हणजे फाइल, सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असे म्हटले आहे. तत्काळ असेल तर शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची असेल तर चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणाला ४५ दिवस. हा कायदा सगळीकडे पाळला जातो असा माझा दावा नाही. पण त्यात एक कबुली आहे जी मेलच्या जगात कुणी देत नाही : सगळे कागद सारख्या घाईचे नसतात, आणि सात दिवस लागणे हा गुन्हा नाही. २०१७ साली पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ ही मोहीम चालवली. आधी जुने ढीग वर्गवारी करून मोकळे करायचे, मग रोज येणारे त्या त्या दिवशी मार्गी लावायचे, असा तिचा क्रम होता.

त्याच्या दहा वर्षे आधी, २००७मध्ये, अमेरिकेत मर्लिन मान यांनी ‘इनबॉक्स झिरो’ ही कल्पना लोकप्रिय केली. दोन्हीकडे शून्य आहे, पण तरुण मंडळींनी दोन्हींतला फरक नीट ध्यानात घ्यावा. आपला इनबॉक्स रिकामा करणे फार सोपे आहे. आलेली प्रत्येक मेल ‘कृपया पाहावे’ असे लिहून पुढच्याकडे ढकलली की झाले. संध्याकाळी आपल्याकडे शून्य, आणि काम जिथे होते तिथेच, फक्त दुसऱ्याच्या नावावर. दळवींच्या मोहिमेत मोजमाप निर्णयाचे होते. नागरिकाचे काम झाले की नाही, हा तिथला प्रश्न होता. आपण आपल्या कचेरीत शून्य मोजणार असू, तर ते असेच मोजावे.

हे सगळे अनुभवाचे बोलणे झाले, पण त्याला अभ्यासाचाही आधार आहे. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२मध्ये तेरा कर्मचाऱ्यांची ई-मेल पाच दिवस बंद ठेवली आणि त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद घेतली. माणसे एका कामावर जास्त वेळ टिकली, आणि त्यांच्यावरचा ताण उतरलेला दिसला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कोस्तादिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५मध्ये १२४ जणांवर केलेला प्रयोग आपल्याला जास्त उपयोगाचा आहे, कारण मेल बंद ठेवणे कुणाच्याच हाती नसते. एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायची, एक आठवडा हवी तेवढ्या वेळा. तीनदा बघण्याच्या आठवड्यात ताण कमी भरला. आमचा शिपाई दिवसातून एकदोनदाच फिरे, त्याची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. संगणकशास्त्रातले थोर अभ्यासक डोनाल्ड नूथ यांनी तर पंधरा वर्षे ई-मेल वापरून १ जानेवारी १९९०पासून ती सोडूनच दिली. लोक हे वाचून हेवा करतात, पण पुढचे वाचत नाहीत. नूथ यांना पत्रे येतातच. त्यांनीच लिहिले आहे की मध्ये सचिव असते, ती कागद लावून ठेवते, आणि ते मधूनमधून एकगठ्ठा उत्तरे देतात. त्यांनी आपली बारनिशी परत मिळवली. जित्याहून नागोठण्याला जाणाऱ्या मुलीला सचिव मिळणार नाही. तिने ती बारनिशी कशी उभी करावी, हाच या पुस्तिकेचा विषय आहे.

त्याचा गाभा इथे सांगून ठेवतो. सकाळची पहिली फेरी फक्त नोंदीची ठेवायची. त्या वेळी एकाही मेलचे उत्तर द्यायचे नाही. प्रत्येक मेल उघडून एवढेच ठरवायचे की ही कुठल्या गठ्ठ्यात जाते, आणि काम असेल तर वहीत एक ओळ लिहायची, आपल्या शब्दांत. ‘रि : रि : फॉरवर्ड’ उतरवून काढू नये. ‘बारा मूर्ती, जांभळा पीतांबर, रंगकामाला सांगणे’ असे लिहावे. ज्यांना वही नको त्यांनी संगणकावर रकाने आखावेत, पण ओळ लिहायची ती लिहायचीच. उत्तरांची वेळ वेगळी ठेवावी, आणि ती सहकाऱ्यांना माहीत असावी. ज्याला खरोखर तातडी आहे त्याने फोन करावा, हे एकदा उघडपणे सांगून टाकावे. आठवड्यातून एकदा प्रतीक्षाधीन गठ्ठा काढून प्रत्येकाला एक आठवण पाठवावी. छोट्या उद्योगांनी माणसाच्या नावाचा पत्ता बाहेर देऊ नये. ऑर्डर, हिशेब, तक्रार अशा कामांच्या नावाचे पत्ते करावेत आणि ते पाळीपाळीने कुणी बघायचे ते फळ्यावर लिहावे. याच्या तपशिलासाठी पुस्तिकेतली मधली प्रकरणे आहेत, त्यांत नमुनेही दिले आहेत.

पाठवणाऱ्यावर एक पूर्ण प्रकरण आहे आणि मी ते सर्वांत महत्त्वाचे मानतो. आवक कमी करायची तर जावक आवरावी लागते. विषयाच्या ओळीत काय हवे आणि कधीपर्यंत हवे हे दोन्ही असावे. काम बदलले की विषय बदलावा, जुन्या चर्चेच्या शेपटीला नवे काम बांधू नये. ‘प्रति’मध्ये ज्याने करायचे आहे तो एकटाच. प्रतीत नाव घालताना कार्बनची सहावी प्रत डोळ्यांपुढे आणावी. अलीकडे यंत्राकडून मेल लिहून घेण्याची रीत पडली आहे. दोन ओळींचे काम त्यामुळे दोन परिच्छेदांचे होते, आणि वाचणारा दुसऱ्या यंत्राला त्याचा सारांश काढायला सांगतो. त्या दोन यंत्रांमधून जांभळा पीतांबर निसटला, तर दोष द्यायलाही कुणी सापडणार नाही. दोन ओळींचे काम दोनच ओळींत, स्वतः लिहावे.

आणि रात्रीविषयी. आमच्या गावात परतणारी बाई स्थानकातून घरी येते, भात लावते, मुलांचा अभ्यास घेते, सासूबाईंच्या गोळ्या काढून देते, आणि साडेनऊला फोन वाजतो : ‘उद्या सकाळपर्यंत पाठवा.’ ही सक्ती कुठल्याही नेमणूकपत्रात लिहिलेली नसते, म्हणूनच तिच्याशी भांडताही येत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०१७पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतल्या संपर्काविषयी कामगारांशी बोलणी करणे बंधनकारक केले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेत कामाबाहेरच्या वेळेत असा संपर्क नाकारण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले, आणि डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयकांचा कायदा होणे आपल्याकडे फार दुर्मीळ, तरीही हा विषय संसदेच्या कामकाजात नोंदला गेला याचे मोल मला मोठे वाटते. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर साहेब मंडळींना हात जोडून सांगणे आहे : रात्री सुचले तर लिहून ठेवा, पण सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून ठेवा. ती सोय बहुतेक मेलमध्ये आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या कामाच्या गटांचा विचार या पुस्तिकेत केलेला नाही. तिथे विषयाची ओळच नसते, नोंद राहत नाही, आणि घरचे निरोप कामाच्या निरोपांत मिसळलेले असतात. त्याची दुरुस्ती वेगळ्या रीतीने करावी लागेल. इथे एवढेच सुचवले आहे की गटावर ठरलेली प्रत्येक गोष्ट त्याच दिवशी एका मेलने पक्की करावी.

पुस्तिका वाचताना क्रम पाळायची गरज नाही. ज्यांच्याकडे हजारो मेल साचल्या आहेत त्यांनी शेवटचे प्रकरण आधी वाचावे. त्यात जुन्या साठ्याचे काय करायचे ते आहे : एक तारीख ठरवून त्याआधीचे सगळे एका वेगळ्या कप्प्यात हलवायचे, आणि त्यातले जे खरोखर जिवंत असेल ते विचारणाऱ्यांकडून पुन्हा येईल असे धरून चालायचे. कचेरीप्रमुखांनी मात्र पाठवणाऱ्याचे प्रकरण पहिले वाचावे आणि महिनाभर स्वतः पाळून मग हाताखालच्यांना द्यावे. नोंदीच्या ओळींचे नमुने मुद्दाम कोऱ्या रकान्यांसह छापले आहेत. ती पाने फाडून वापरली तरी चालतील.

जिते, ता. पेण, जि. रायगड